एका एकरावरचं ऊन

'अन्नदाता आता ऊर्जादाता झाला' हे वाक्य घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं की माझा संताप होतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं २०३० चं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठलं आणि तेव्हापासून ते रोजच येतं. माढ्याचा माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, एकदा लिहून गेला, "अरबांचं तेल राहू दे त्यांच्याकडे, आपल्याकडे ऊस आहे." मी आकडे मांडले की त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "तू जर्मनीत बसून आम्हाला शिकवू नकोस."

पण जर्मनीत बसलोय म्हणूनच बोलतोय. मी ओल्डेनबुर्गला राहतो. इथून क्लोपेनबुर्गकडे रेगिओ या लोकल गाडीने निघालं की ऑगस्टमध्ये खिडकीतून दोन्ही बाजूंना मकाच मका दिसतो. यातला बराचसा कोणी खात नाही. तो कुजवून गॅस करतात आणि गॅस जाळून वीज. २००४ मध्ये अक्षय ऊर्जा कायद्यात शेतात पिकवलेल्या कच्च्या मालासाठी जादा दर आला, तोही वीस वर्षं हमीचा. शेतकऱ्यांनी कुरणं नांगरली. आज देशात नऊ हजारांवर बायोगॅस प्रकल्प आहेत. त्यांच्यासाठी साधारण ९ लाख हेक्टरवर मका उभा असतो आणि त्या सगळ्यातून मिळणारी वीज देशाच्या गरजेच्या पाच-सहा टक्के. २०१२ मध्ये सरकारलाच नव्या प्रकल्पांत मका ६० टक्क्यांच्या वर नको, अशी मर्यादा घालावी लागली. तोवर ओलसर कुरणांतली टिटवी, म्हणजे आपल्या टिटवीची युरोपातली चुलतबहीण, दिसेनाशी होत चालली होती. भूजलातल्या नायट्रेटबद्दल तर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीला दोषी ठरवलं. त्यामागे जनावरांचं शेणमूतही आहे, पण ते हवं तेवढं ओतायला मक्याचं रान मिळालं.

आता माढ्याचा एक एकर घेऊ. सोलापूरच्या बाजूला एका एकरावर वर्षभरात पडणारं ऊन विजेच्या भाषेत साधारण ८० लाख युनिट भरतं. चांगल्या एकरात ४० टन ऊस निघतो. सगळा रस थेट इथेनॉलला दिला, तरी टनाला ७० लिटर धरून २,८०० लिटर मिळतं. त्यातली उष्णता सुमारे साडेसोळा हजार युनिट. म्हणजे पडलेल्या उन्हाच्या हजार भागांपैकी दोन भाग टाकीत आले, आणि आडसाली ऊस असेल तर त्यालाही दीड वर्ष लागलं. पुढे इंजिन त्यातला पाव भाग चाकापर्यंत नेतं. उरतात चार हजार युनिट. त्याच एकरावर सौर पॅनेल लावले तर वर्षाला तीन-साडेतीन लाख युनिट वीज निघते आणि बॅटरी-मोटरमधून तिचा मोठा भाग चाकाला मिळतो. फरक साठपटीच्या पुढे जातो. इथल्या ढगाळ हवेतसुद्धा मक्याच्या हेक्टरपेक्षा पॅनेलचा हेक्टर तिसेक पट वीज देतो.

यात उसाचा दोष नाही. ऊस हे उत्तम पीक आहे, उन्हातून साखर बांधण्यात त्याच्या तोडीची पिकं थोडी. पण पान हे वीजघर नव्हे. वनस्पती आधी स्वतः जगते, मुळं वाढवते, श्वास घेते, पाणी वर ओढून हवेत सोडते. उरलं ते साखरेत जातं. मग यीस्ट आपला वाटा घेतं. जेमतेम दहा टक्के अल्कोहोलचं पाणी शुद्ध करायला वाफ लागते, आणि शेवटी इंजिन बहुतांश उष्णता रेडिएटर आणि धुराड्यातून सोडून देतं. ऊर्जा नष्ट होत नाही हे शाळेत सगळे शिकतो. पण प्रत्येक टप्प्यावर तिचा एक भाग असा विरतो की पुन्हा कामाला येत नाही, आणि त्या नियमाला कुठलंही अनुदान बदलू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मी इथल्या सहकाऱ्यांना ठणकावून सांगतो. आपला साखर कारखाना त्यांच्या बायोगॅसपेक्षा हुशार आहे. उसाबरोबर बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, आयतं येतं. तेच बॉयलरमध्ये जातं, वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि बाहेर पडलेली वाफ रस उकळते. वरची वीज ग्रिडला. वीज आणि उष्णता एकत्र वापरण्याचं इथे फार कौतुक असतं. आमच्या भागात गाळप हंगामात रोज तेच चालतं. धान्यापासूनच्या इथेनॉलपेक्षा उसाचं इथेनॉल म्हणूनच कितीतरी बरं. आणि हिरवेपणाची प्रवचनं देणाऱ्या देशाने जानेवारी २०२३ मध्ये लिग्नाइट कोळशासाठी ल्युत्सेराथ गाव रिकामं केलं, हेही मी त्यांना ऐकवतो.

पण बगॅसची वीज जमेला धरली तरी माझा हिशेब पालटत नाही, कारण पाणी अजून मोजलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी जातं. वर धरलेल्या एकराचे ८० लाख लिटर झाले. उजनी धरण वजा पातळीत गेलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागू नये. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, साखर कमी पडेल असं दिसताच, केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. एका कमी पावसाने जे इंधन थांबतं त्यावर देशाची वाहतूक कशी उभी राहणार?

जमिनीवरच्या वनस्पती वर्षभरात जे घडवतात त्यातला सुमारे एक चतुर्थांश भाग आजच माणूस कापून, चारून किंवा जमीन बदलून स्वतःकडे वळवतो. उरलेल्यात बाकीचे सगळे जीव. त्यातून गाड्या चालवायच्या म्हणजे त्यांच्या ताटात हात घालायचा. म्हणून पॅनेलचंही सांगतो: ते माळरानावर नकोत. सातबारावर 'पडीक' लिहिलं म्हणून माळ रिकामा होत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्याने आपल्या डोळ्यांदेखत ही किंमत मोजली आहे. लावायचे तर उसाखालच्या रानातला तुकडा घ्या, पाणीही वाचेल.

दादाला हे पटत नाही असं नाही. तो म्हणतो, ऊस सोडून कुठल्या पिकाला एफआरपीची, म्हणजे कारखान्याने द्यायच्याच किमान दराची, हमी आहे? इथेच तो आणि क्लोपेनबुर्गचा मकावाला एक आहेत. दोघांनीही हमी जिकडे होती तिकडे नांगर वळवला. माझं इंजिनिअरिंग त्याच हमीवर झालं, फी उसाच्या बिलातून गेली. आजही आमच्या सातबारावर माझं नाव आहे. माझ्या वाट्याचे दोन एकर दादा कसतो, आणि आबांच्या शेअरवरची सभासद साखर काकू दिवाळीला आणते. मी इतक्या दुरून जीव तोडून भांडतो त्याचं खरं कारण बहुधा हेच आहे. घरच्या जमिनीबद्दल मत असणं एवढंच नातं माझ्याकडे उरलंय आणि ते सोडायची माझी तयारी नाही.

म्हणून मी दादाला सुचवलं, माझे दोन एकर राज्य सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेलसाठी भाड्याने देऊ. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कारखान्याने बिल थकवलं तर चेअरमनच्या दारात जाऊन बसता येतं. भाडं थकलं तर कुणाच्या दारात बसू?" आमच्या सगळ्या वादात ऊर्जेबद्दलचा हा पहिला खरा प्रश्न होता. करारात कंपनी कोण, उशिराला व्याज किती, दाद तालुक्यात मिळणार की मुंबईत, हे लिहून आल्याशिवाय सही करू नकोस, असं मी त्याला सांगितलं.