फ्रिअर घराणं: पुतळा एकाचा, काम इतरांचं

जुन्या मुंबईच्या फोटोंखाली सर बार्टल फ्रिअरचं नाव हटकून येतं. १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. फोर्टची तटबंदी पाडली ती याच्या काळात, येरवड्याला डेक्कन कॉलेजची पायाभरणी यानं केली, आणि गणेशखिंडीतल्या लाटसाहेबाच्या बंगल्याचं, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचं, काम यानंच काढलं. फ्लोरा फाउंटनलासुद्धा आधी याचंच नाव द्यायचं घाटत होतं. लंडनला टेम्सकाठी पुतळा, सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये दफन. हे सगळं मान्य करूनही माझं मत असं, की फ्रिअर घराण्यातली मोठी माणसं मोजायची तर बार्टलला पहिल्या तिघांत जागा नाही.

आधी घराणं काय होतं ते. हे लॉर्डबिर्ड नव्हेत. नॉरफकमध्ये डिस गावाजवळचं रॉयडन हॉल, शेजारच्या सफकमध्ये फिनिंगहॅमची जमीन, कुळांकडून येणारा खंड, कधी परगण्याचं शेरीफपद, जमलं तर पार्लमेंटात एक जागा. लँडेड जेंट्री म्हणतात तो हा थर. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पडत पडत चौथ्या पिढीला अर्धी विहीर आणि दोन आंबे उरतात. तिकडे अशा घराण्यांत मुख्य जमीन सबंध थोरल्याकडे जायची, आणि तीही बहुधा करारानं अशी बांधलेली की त्यानं हयातभर खंड खावा, पण विकता येऊ नये. धाकट्यांच्या वाट्याला ठरावीक रोकड, शिक्षण आणि ओळखीपाळखी. म्हणून एकाच पिढीत पाद्री, वकील, राजदूत, कंपनीचा नोकर असं पीक येतं. त्यात रक्ताची करामत कमी, घराबाहेर पडायची सक्ती जास्त. कंपनीच्या मुलकी नोकरीसाठी १८५५ पर्यंत आधी एखाद्या डायरेक्टरची शिफारस लागे, मग हेलीबरीच्या कॉलेजात शिक्षण. बार्टल याच वाटेनं १८३४ साली मुंबईला उतरला. त्याचा बाप एडवर्ड धाकटी पाती, वेल्समध्ये लोखंडाचा कारखाना चालवणारा.

अशी वंशावळ वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. जॉन, एडवर्ड, विल्यम, बार्थोलोम्यू ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, तेव्हा नुसतं ‘विल्यम फ्रिअर’ दिसलं म्हणून उडी मारू नये. जन्मसाल, आईचं माहेर आणि राहण्याचं गाव, तिन्ही जुळली तरच तो माणूस आपला. मधलं नाव बऱ्याचदा आजोळचं असतं, त्याचा इथे उपयोग होतो: जॉन हुकहॅम फ्रिअर याच्या नावातलं हुकहॅम आई जेन हुकहॅम हिच्याकडून आलेलं. दुसरी फसगत जास्त महागाची. लग्न झालं की मुलगी त्या यादीतून गळते, आणि या घराण्यातल्या दोन महत्त्वाच्या बायका नेमक्या सासरच्या आडनावानं प्रसिद्ध आहेत.

माझ्या यादीत पहिला नंबर बार्टलच्या आजोबाचा. जॉन फ्रिअर (१७४० ते १८०७), केंब्रिजचा गणिती, १७६३ च्या परीक्षेत दुसरा. १७९७ साली त्यानं लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या अभ्यासकांच्या मंडळाला, एक लहानसं पत्र पाठवलं. रॉयडनपासून काही मैलांवर हॉक्सन गावात विटांसाठी माती काढायची खाण होती, तिथे गारगोटीची घडवलेली हत्यारं निघत होती. ती विचित्र आहेत एवढंच सांगून तो थांबला नाही. खाणीची उभी कड त्यानं वरून खाली मोजली: वर झाडोऱ्याची माती दीड फूट, त्याखाली चिकणमाती साडेसात फूट, त्याखाली शिंपले मिसळलेली वाळू एक फूट, आणि मग दोन फुटांचा खडीचा थर. हत्यारं या शेवटच्या थरात, चौरस यार्डाला पाच-सहा या प्रमाणात. एकूण बारा फूट.

या चार ओळींत काय काय आहे ते बघा. नुसतं ‘खोल सापडलं’ म्हटलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की वरून खड्डा खणून पुरलं असेल. पण वरचे थर सलग आणि अभंग, म्हणजे हत्यारं आधीची आणि माती नंतरची. दर यार्डाला पाच-सहा म्हणजे कुणाच्या हातून पडलेली एखाददुसरी वस्तू नव्हे, तिथे ती घडवली जात असणार. वाळूच्या थरात शिंपले आणि एका अनोळखी मोठ्या जनावराचं जबड्याचं हाड, म्हणजे भूगोलच वेगळा. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला, की ही धातू माहीत नसलेल्या माणसांची हत्यारं आहेत आणि त्यांचा काळ आताच्या जगाच्याही पलीकडे नेण्याचा मोह होतो. जग सहा हजार वर्षांचं आहे असं बहुतेक लोक धरून चालत होते, त्या काळात हे लिहिलंय. आज हा थर साधारण चार लाख वर्षांपूर्वीचा मानतात, आणि ब्रिटनमधल्या त्या उबदार कालखंडाला नावच हॉक्सनियन आहे.

नुकसान कुठे झालं तेही त्यानं लिहून ठेवलंय. या वस्तूंना काही किंमत आहे हे कळायच्या आधी वीटभट्टीवाल्यानं त्या टोपल्याच्या टोपल्या शेजारच्या रस्त्यावरच्या चाकोऱ्यांत भरायला ओतल्या होत्या. खाणीच्या जागी आजही हेच होतं. जेसीबीवाल्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं.

पत्र १८०० साली छापलं गेलं आणि साठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १८५९ मध्ये पुरातत्त्वाचा अभ्यासक जॉन इव्हान्स फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यातली हत्यारं बघून परतला, तर सोसायटीच्या कपाटात तशीच हत्यारं आधीपासून ठेवलेली. बरोबर शंभर वर्षांनी, जुलै १९५९ मध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या ओल्डुवाई घळीत पुरातत्त्वज्ञ मेरी लीकीला ‘झिंज’ या मानवसदृश आदिम प्राण्याची कवटी सापडली. तिची आई सिसीलिया फ्रिअर, थेट या जॉनच्या वंशातली. रक्तानं शास्त्रज्ञ होत नाही यावर मी ठाम आहे, पण घरात कुणाचं नाव कौतुकानं घेतलं जातं यानं फरक पडत असावा.

दुसरा नंबर जॉनच्या बहिणीचा. एलेनर फ्रिअर, लग्नानंतर लेडी फेन. स्वतःला मूल नव्हतं, भावाच्या मुलांसाठी तिनं वाचनाचे धडे लिहायला घेतले. १७८३ च्या सुमारास आलेल्या तिच्या पुस्तकाची रचना बघण्यासारखी आहे: पहिल्या भागात तीन अक्षरी शब्दांचे संवाद, मग चार, पाच, सहा अक्षरी. दुसऱ्या भागात अक्षरं सोडून उच्चारातले तुकडे मोजलेले, एकापासून चारपर्यंत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक भाग, पाच ते आठच्या मुलांसाठी दुसरा. मजकूर मात्र मांजर, कुत्रा, बाहुली, आई-मुलाचं बोलणं. पायरी चढवताना एकच गोष्ट अवघड करायची, बाकी ओळखीचं ठेवायचं. आपली कितीतरी अंकलिपी-पुस्तकं आजही पहिल्या पानावर ‘अननस’ आणि चौथ्यावर ‘ज्ञ’ ठेवून मोकळी होतात.

तिचा नवरा सर जॉन फेन. पंधराव्या शतकातल्या पॅस्टन घराण्याची पत्रं त्यानं १७८७ पासून छापायला घेतली. पहिल्या दोन खंडांची मूळ पत्रं तिसऱ्या जॉर्ज राजाला नजर केली, सरदारकी मिळाली, आणि पत्रं गडप झाली. पाचवा खंड फेनच्या मृत्यूनंतर एलेनरच्या भाच्यानं, विल्यम फ्रिअरनं, १८२३ साली काढला, त्याचीही मूळ पत्रं दिसेनात. १८६५ मध्ये एका टीकाकारानं जाहीर शंका घेतली, की ही पत्रं खरी कशावरून? मग शोधाशोध. पाचव्या खंडाची मूळ पत्रं त्याच वर्षी फिलिप फ्रिअरच्या घरी निघाली, तिसऱ्या-चौथ्याची १८७५ मध्ये खुद्द रॉयडन हॉलमध्ये, आणि राजाला दिलेली १८८९ मध्ये भलत्याच एका बंगल्यात. छापील प्रत आहे ना, मग मूळ कागद कशाला, असा विचार करणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. आपल्याकडची किती दप्तरं वाड्यांच्या माळ्यावर अशीच पडून आहेत, आणि त्यांचे तर खंडही छापलेले नाहीत.

जॉनच्या मुलांपैकी विल्यम केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजचा मास्टर, बार्थोलोम्यू मुत्सद्दी. त्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. जेम्स हॅटली फ्रिअर मात्र चक्रम आणि उपयोगी, दोन्ही होता. बायबलमधल्या भविष्यवाण्यांची गणितं मांडण्यात त्यानं बरीच वर्षं घालवली, ती वाया गेली. पण आंधळ्यांसाठी त्यानं उठावाची एक लिपी काढली. ती उच्चारावर आधारलेली, आणि ओळ डावीकडून उजवीकडे संपली की पुढची उजवीकडून डावीकडे, म्हणजे बोट उचलून नवी ओळ शोधायची गरज नाही. छपाईची युक्तीही त्याचीच: तांब्याच्या तारेची अक्षरं वाकवायची, जस्ताच्या द्रावणानं पुसलेल्या कथलाच्या पत्र्यावर मांडायची, खालून उष्णता द्यायची, की अक्षरं पत्र्याला डाख दिल्यासारखी चिकटतात. त्या पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती. लिपी ब्रेलपुढे टिकली नाही; उच्चारावर शिकलेल्या माणसाला स्पेलिंग येईना, ही तिची अडचण. उलटसुलट ओळींची कल्पना पुढे विल्यम मूननं आपल्या लिपीत घेतली.

आता जॉन हुकहॅम फ्रिअर, कारण बार्टल समजायला हा काका लागतो. कवी, विनोदी, ब्रिटिश मुत्सद्दी जॉर्ज कॅनिंगचा शाळासोबती, स्पेनमध्ये ब्रिटनचा राजदूत. १८०८ च्या डिसेंबरात नेपोलियन माद्रिदवर चालून आला, तेव्हा तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल मूर यानं माघार घेऊ नये म्हणून हा दुरून पत्रांवर पत्रं पाठवत राहिला. ती नेणारा शार्मिली नावाचा फ्रेंच निर्वासित. मूर ऐकत नसेल तर त्याच्याच अधिकाऱ्यांच्या सभेपुढे शार्मिलीची साक्ष घ्यावी, इथपर्यंत मजल गेली. मूरनं शार्मिलीला छावणीबाहेर काढलं. माद्रिद तर ४ डिसेंबरलाच पडलं होतं. जानेवारीत कोरुन्याला मूर मारला गेला आणि त्याच वर्षी फ्रिअरला परत बोलावलं.

पुतण्याचा हाच स्वभाव. बातमी पक्की व्हायच्या आधी, वरून हुकूम यायच्या आधी रेटून न्यायचं. कधी ते जमलंही, हे मोकळेपणानं सांगायला हवं. साताऱ्याला रेसिडेंट असताना १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले. त्यांनी घेतलेलं दत्तक वैध आहे असं बार्टलनं स्वच्छ लिहिलं. डलहौसीनं ते धुडकावून संस्थान खालसा केलं, आणि मग तिथला कारभारही बार्टलनंच पाहिला. सिंधमध्ये १८५२ साली त्यानं अर्ध्या आण्याचं पोस्टाचं तिकीट काढलं, आशियातलं पहिलं. आधी तांबड्या लाखेच्या चकत्या केल्या, त्या टपालाच्या थैल्यांत तडकून भुगा व्हायच्या. मग पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव, तो मंद उजेडात दिसेना. शेवटी निळा रंग. दोन वर्षांत दोन दुरुस्त्या, चूक दिसली की बदल. हा बार्टल मला आवडतो.

मुंबईत मात्र कापसाच्या तेजीत बँक ऑफ बॉम्बेनं शेअर तारण घेऊन कर्जं वाटली. बँकेत सरकारचा पैसा आणि सरकारनं नेमलेले संचालकही होते. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला, पुढे बँकही बुडाली, आणि गव्हर्नरनं लगाम ओढला नाही हा ठपका त्याच्यावर राहिला.

१८७३ मध्ये झांजिबारला गुलामांचा व्यापार थांबवायला गेला, सुलतान ऐकेना, तर लंडनची परवानगी येण्याआधीच यानं आरमाराला जहाजं अडवायला सांगितलं. सरकारला मागून होकार द्यावा लागला आणि जूनमध्ये करार झाला. सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ वसवलेल्या गावाला फ्रिअरटाउन नाव पडलं. तिथल्या वस्तीत नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढलेले आफ्रिकन होते. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट त्याच शाळेचा.

झांजिबारला खपलं ते झुलूलँडला खपलं नाही. तेव्हा तो दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीचा गव्हर्नर होता. डिसेंबर १८७८ मध्ये त्यानं झुलू राजा सेटश्वायोला अशा अटींचा निर्वाणीचा खलिता दिला ज्या मान्य होणं शक्यच नव्हतं. मुख्य अट सैन्यव्यवस्थाच मोडण्याची. लंडनला झुलूंशी युद्ध नको होतं. पण केपपर्यंत तार पोचली नव्हती, पत्राला आठवडे लागत, आणि या अंतराचा त्यानं फायदा घेतला. ११ जानेवारी १८७९ ला फौज घुसली, २२ ला इसांडलवानाला ब्रिटिश बाजूचे तेराशेहून जास्त लोक एका दिवसात मेले. झुलू किती मेले याचा नीट हिशोब कुणी ठेवला नाही. जाहीर ताशेरे, १८८० मध्ये परत बोलावणं. काकाचंच प्रकरण, मोठ्या आकड्यांत.

तिसरा नंबर बार्टलच्या मुलीला. मेरी फ्रिअरनं १८६५-६६ च्या हिवाळ्यात बापाबरोबर दख्खनचा दौरा केला. सोबत आया होती, अ‍ॅना लिबराटा डिसूझा. मूळचं लिंगायत घराणं, गोव्याकडे स्थायिक झाल्यावर आजोबा ख्रिस्ती झालेले. अ‍ॅनानं आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं लिहून घेतल्या आणि लिहिलेलं अ‍ॅनाला परत वाचून दाखवून दुरुस्त केलं. १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे चोवीस गोष्टींचं पुस्तक निघालं, चित्रं धाकट्या बहिणीची, कॅथरीनची. मेरीनं सांगणारीचं नाव दिलं, आणि तिच्या आयुष्याची हकीकत तिच्याच शब्दांत वेगळी छापली: आजी, नवऱ्याचा मृत्यू, नोकरी, महागाई. त्या काळचे बहुतेक साहेब ‘एका म्हाताऱ्या नेटिव्ह बाईकडून’ एवढं लिहून मोकळे व्हायचे.

मर्यादाही आहेतच. अ‍ॅना सांगायची इंग्रजीत, त्यामुळे गाणी, उखाणे, बोलण्याचा ठेका बराचसा गळाला. बापाची प्रस्तावना सरकारी थाटाची आहे, ती सरळ ओलांडावी आणि अ‍ॅनाच्या हकिकतीपासून सुरुवात करावी. गोष्टी त्यानंतर वाचल्या तर कोण बोलतंय हे कळतं.