जुन्या व्हिडिओ गेमचा ट्रान्सफॉर्मर भंगारात घालू नका

नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम मशिनबद्दल एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या रिपेअरिंगवाल्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. त्यातलं म्हणणं असं: मशीन बंद पडलं की समजायचं, ट्रान्सफॉर्मर गेला. मीटरवर कंटिन्युटी (तार सलग आहे का) बघायची. आली तर चांगला, नाही आली तर जळालेला. गुणगुणत असेल तर आज ना उद्या जळणारच. हे ट्रान्सफॉर्मर परदेशी, आपल्याकडे दुरुस्त होत नाहीत. तेव्हा काढून तांबं किलोवर विका, साधा एसएमपीएस (संगणकात असतो तसला पॉवर सप्लाय) बसवा, मॉनिटरला बाजारातला ११० व्होल्टचा स्टेपडाउन जोडा. गेम पहिल्यापेक्षा छान चालतो.

यातल्या शेवटच्या सल्ल्यानं माणूस मरू शकतो. म्हणून मेसेजच्या क्रमानं न जाता तिथूनच सुरुवात करतो.

१९८० च्या आसपासच्या अमेरिकी मशिनमध्ये जे रंगीत मॉनिटर असायचे, उदाहरणार्थ इलेक्ट्रोहोमचा जी-०७ किंवा वेल्स-गार्डनरचा के-४६००, त्यांच्या आत मेन्सपासून (बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाइनपासून) वेगळं करणारं काहीही नाही. आलेला एसी थेट ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांवर) जातो आणि मॉनिटरचं ग्राउंड त्या ब्रिजवरूनच निघतं. बनवणाऱ्यांनी हे विचार करूनच केलं होतं, कारण कॅबिनेटच्या तळाशी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असणारच हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तो ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज देतो, पण त्याचं मोठं काम दुसरंच आहे: लाइन आणि खेळणाऱ्याचा हात यांच्यामध्ये तो एकटा उभा असतो.

बाजारात मिळणारा स्वस्त स्टेपडाउन पुष्कळदा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. एकच वाइंडिंग (गुंडाळलेली तार), मधून काढलेला टॅप. आउटपुटला ११० मिळतात, पण एक टोक लाइनशी थेट जोडलेलंच राहतं. टू-पिन प्लग उलटा बसला की ते टोक फेजवर येतं. म्हणजे मीटर आउटपुटच्या दोन तारांत ११० दाखवतो आणि त्यातलीच एक तार जमिनीच्या मानानं २३० वर असते. आता गेमच्या बोर्डाकडून मॉनिटरला जाणारी व्हिडिओची ग्राउंड तार बघा. ती एसएमपीएसच्या निगेटिव्हला जाते आणि तिथून कॉइन डोअरच्या पत्र्याला, कंट्रोल पॅनेलला, अर्थिंगला. अर्थिंग चांगलं असेल तर स्विच टाकल्या टाकल्या धडाका होतो, ब्रिजचे डायोड जातात, कधी बोर्डावरचा ट्रॅक उडतो. ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. गेम सुरू होतो, चित्र येतं, आणि सगळा पत्रा लाइनवर बसलेला असतो. बेळगावातल्या वडगावची मंगाईची जत्रा ऐन पावसाळ्यात येते. पायाखाली चिखल, ओढून आणलेली तात्पुरती वायर आणि मशिनसमोर भिजलेली पोरं. अशा ठिकाणी हा सल्ला पाळलेलं मशीन उभं राहिलं तर काय होईल, हे मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा तरी डोळ्यांपुढे आणायला हवं होतं.

आपला ट्रान्सफॉर्मर कुठल्या जातीचा, हे मिनिटात कळतं. प्लग काढा, पुढचं सगळं सोडवा, मीटर ओहमवर ठेवा. एक टोक इनपुटच्या पिनला, दुसरं आउटपुटच्या पिनला. शून्य किंवा काही ओहम दाखवले तर तो ऑटो. तो या मॉनिटरच्या वाटेला जाऊ देऊ नका. मीटर अजिबात हलला नाही, म्हणजे तार उघडी असल्यासारखंच दाखवलं, तर दोन वाइंडिंग वेगळी आहेत.

"एसएमपीएसवर पहिल्यापेक्षा छान चालतो" हे अर्धं खरं आहे. १९८५ मध्ये जामा हे वायरिंगचं मानक आलं. त्या पद्धतीच्या बोर्डांना ५ आणि १२ व्होल्ट डीसी लागतं आणि त्या मशिनमध्ये बहुधा मुळातच एसएमपीएस असतो. तिथे नवा बसवा, काही बिघडत नाही. पण त्याआधीच्या मशिनचं गणित वेगळं आहे. १९८० च्या पॅक-मॅनच्या मिडवे बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून एसीच जातो. रेक्टिफायर आणि रेग्युलेटर त्या बोर्डावरच आहेत. अटारीच्या १९८१ च्या टेम्पेस्टमध्ये वेक्टर मॉनिटर आहे, रेषांनी चित्र काढणारा. त्याच्या डिफ्लेक्शनला (किरण वळवायला) ट्रान्सफॉर्मरची मधे टॅप असलेली वेगळी, जास्त व्होल्टची सेकंडरी, म्हणजे आउटपुटचं वाइंडिंग, लागते. कुठला संगणकाचा एसएमपीएस ती देणार? कॉइन डोअरचे ६.३ व्होल्टचे दिवेसुद्धा त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालतात. त्यातल्या चार-पाच सेकंडऱ्या कोणी उगीच गुंडाळलेल्या नाहीत.

मशीन बंद पडलं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गेला, हे तर माझ्या टेबलावरच्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. तो बहुतेक वेळा शेवटी जाणारा भाग असतो. आधी जातो फ्यूज होल्डर, ज्याच्या क्लिपा गंजून सैल होतात. मग कनेक्टरच्या पिना, तापून काळ्या पडलेल्या. मग ब्रिज. मग मोठा फिल्टर कपॅसिटर; अटारीच्या पॉवर ब्लॉकवर सव्वीस-सत्तावीस हजार मायक्रोफॅराडचा निळा डबा असतो तो. तो सुकला की चित्रात आडवा पट्टा सरकत राहतो, गेम मधेच रिसेट होतो आणि खापर फुटतं ट्रान्सफॉर्मरवर. सेकंडरीचे प्लग काढून नुसता ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलूच नये.

आता कंटिन्युटी. दोन्ही बाजूंनी हा सल्ला चुकतो.

कंटिन्युटी नाही आली म्हणजे वाइंडिंग तुटलं असं नव्हे. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीच्या (इनपुटच्या वाइंडिंगच्या) वरच्या पट्टीखाली थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की उडणारा फ्यूज, दडवलेला असतो. पट्टी जपून उचलली की दिसतो. तो बदलता येतो, फक्त त्याच तापमानाचा घ्यायचा आणि सोल्डर करताना पाय चिमट्यात धरायचे, नाही तर नवाच उडतो. तार जोडून तो कायमचा बायपास करू नका. तो का उडाला हेही शोधावं लागतं. कधी नुसतं लीडचं टोक एनॅमलजवळ (तारेवरच्या लेपाजवळ) तुटलेलं असतं, सोल्डर मारलं की काम झालं.

आणि कंटिन्युटी आली म्हणून ट्रान्सफॉर्मर चांगला ठरत नाही. ११५ व्होल्टच्या प्रायमरीत समजा अर्धा मिलिमीटर तारेचे ३०० फेरे आहेत आणि एका फेऱ्याची लांबी १५ सेंटिमीटर. एका फेऱ्याचा रेझिस्टन्स ०.०१३ ओहम, सगळ्यांचा मिळून ३.९ ओहम. त्यातला एक फेरा एनॅमल सोलून आतल्या आत शॉर्ट झाला तर मीटरवर काय बदलेल? ३.९ च्या जागी ३.८९. तुमच्या मीटरच्या प्रोबच्या वायरीच या फरकाहून जास्त ओहम खातात. पण सप्लाय दिला की त्या एका फेऱ्यात ०.३८ व्होल्ट तयार होतात, हिशेबानं २९ अँपिअर फिरतात आणि ११ वॉट उष्णता एका केसाएवढ्या जागेत साठते. शेजारचं एनॅमल वितळतं, दुसरा फेरा शॉर्ट होतो, मग तिसरा. मीटर मात्र शेवटपर्यंत बीप वाजवत राहतो.

शॉर्ट फेरा पकडायला आपल्याकडे प्रत्येक वाइंडिंगवाल्याकडे असलेला सिरीज बोर्ड पुरतो. सगळ्या सेकंडऱ्या मोकळ्या सोडायच्या, प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. चांगल्या ट्रान्सफॉर्मरवर बल्ब क्षणभर चमकून विझतो, फार तर तार लालसर दिसते. भरून पेटला तर आत शॉर्ट आहे. पण इथे एक मोठी फसगत आहे आणि तिच्यामुळे कितीतरी चांगले ट्रान्सफॉर्मर भंगारात गेले आहेत. प्रायमरी ११० ची असेल आणि तुम्ही सिरीज बोर्ड आपल्या २३० वर लावला, तर निरोगी ट्रान्सफॉर्मरचाही कोअर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वानं भरून जातो, आणि बल्ब पेटतो. म्हणून आधी डिमरस्टॅटनं (व्होल्ट कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरनं) ११० वर आणायचं, मग बल्ब. तसंच, काही मशिनमध्ये प्रायमरी दोन सारख्या भागांत असते. ते सिरीजमध्ये जोडले की २३० वर चालतं. एक भाग उलटा जोडला गेला तर दोघांचं फ्लक्स (चुंबकत्व) एकमेकांना मारतं, बल्ब भरून पेटतो, थेट लावला तर फ्यूज उडतो. जळालेलं काहीच नसतं, दोन टोकांची अदलाबदल करायची असते.

बल्बनं पास केल्यावर बल्ब काढून सेकंडरीचे व्होल्ट मोजा. बिनलोडचं रीडिंग लेबलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त येतं. १२ च्या ठिकाणी साडेतेरा दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही, लोडवर ते खाली येतात.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा जास्त व्होल्टचा मीटर. बोर्ड, मॉनिटर सगळं सोडवून ५०० व्होल्टवर प्रायमरी ते सेकंडरी, प्रायमरी ते कोअर. एक मेगोहमच्या खाली असेल तर मी सप्लाय देत नाही. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर शेडमध्ये पडलेलं मशीन आलं की रीडिंग हमखास पडलेलं असतं, कारण आतला कागद ओल धरतो. हा ट्रान्सफॉर्मर मेलेला नाही, भिजलेला आहे. पत्र्याच्या डब्यात पेटता बल्ब ठेवून त्याला सावकाश वाळवा, पुन्हा मेगर करा. रीडिंग वर चढत गेलं की वार्निश पाजा आणि पुन्हा वाळवा. वाळवूनही चढलं नाही, तरच तो रिवायंडिंगला पाठवायचा.

गुणगुणण्याबद्दल थोडक्यात. ५० हर्ट्झवर लोखंड १०० हर्ट्झनं थरथरतं, ते प्रत्येक ट्रान्सफॉर्मर करतो. स्टँपिंग (कोअरचे पत्रे) सैल झाली असतील तर आवाज वाढतो. बोल्ट आवळा, वार्निश द्या. हातोडी मारू नका. आवाजासोबत वास आणि चटका असेल तर मात्र बल्बची टेस्ट करा. आणखी एक कारण असतं: लेबलवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. तेवढ्याच व्होल्टवर ५० हर्ट्झला कोअरमधलं फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतं, म्हणून तो जास्त आवाज करतो आणि जास्त तापतो. ५०/६० लिहिलं असेल तर ही काळजी नाही.

राहिलं ते "आपल्याकडे दुरुस्त होत नाही". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात पंपाची मोटार जळणं काही नवं नाही. बाजारच्या गावी रिवायंडिंगचं दुकान सापडतंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात बारीक तारेचं काम करणारे हात आहेत. स्लॉटमध्ये कॉइल भरणाऱ्या माणसाला बॉबिनवर फेरे घालणं जड नाही. त्याला माहिती नीट द्यायला हवी, आणि ती देणं आपलं काम आहे.

एखादी सेकंडरी जळालेली, पण प्रायमरी शाबूत असेल तर उघडण्याआधी कोअरच्या खिडकीतून बारीक इन्सुलेटेड तारेचे १० फेरे घाला, बल्बच्या सिरीजमध्येच सप्लाय द्या, आणि प्रायमरीवरचे व्होल्ट आणि त्या फेऱ्यांवरचे व्होल्ट एकदमच मोजा. प्रायमरीवर ११५ असताना फेऱ्यांवर ३.८ आले तर व्होल्टमागे साधारण २.६ फेरे. प्रायमरी गेली असेल तर सोलताना फेरे मोजून वहीत लिहायला सांगा, सेकंडरीचे तर नक्कीच. मोजणी चुकली तर कोअरवरून अंदाज घेता येतो: ५० हर्ट्झला ४५ भागिले कोअरच्या मधल्या पायाचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. १४ चौरस सेंटिमीटरला व्होल्टमागे ३.२ फेरे, म्हणजे २३० साठी सुमारे ७४०. फक्त ६० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरची ३०० फेऱ्यांची प्रायमरी नुसती दुप्पट करून ६०० केली, तर व्होल्ट बरोबर येतील पण कोअर तापेल. प्रायमरी ७४० केली तर सेकंडऱ्याही त्याच प्रमाणात वाढवाव्या लागतात, आणि खिडकीत जागा पुरत नसेल तर मोठ्या स्टँपिंगवर जावं लागतं. हे वाइंडिंगवाल्याशी आधीच बोलून घ्या.

प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याची पातळ पट्टी असेल तर ती फेकू देऊ नका. ती स्क्रीन (दोन वाइंडिंगांमधला आडोसा) आहे, तिचं एक टोक अर्थिंगला जातं आणि तिची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, नाही तर तीच शॉर्ट फेरा होते. मधलं इन्सुलेशन लेदरॉइडच्या (इन्सुलेशनच्या जाड कागदाच्या) एका थरावर भागवू नका, वर मायलरचे (प्लास्टिक फिल्मचे) थर मागून घ्या. परत आल्यावर पुन्हा बल्ब, पुन्हा मेगर, मग खऱ्या लोडवर दोनेक तास चालवून बघा आणि मगच कॅबिनेटमध्ये चढवा. कुठल्या तारेवर किती व्होल्ट, हे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी ते मशीन दुसऱ्याच कोणाच्या हातात असेल.