ट्रेडमिल म्हणजे तुरुंगातली शिक्षा? त्या व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत जुनं चित्र असतं: लांबलचक चाक आणि त्याच्या पायऱ्यांवर आपल्याकडे पाठ करून ओळीने उभे असलेले कैदी. मजकूर साधारण असा: "ट्रेडमिलचा शोध १८१८ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्यूबिट याने कैद्यांचा छळ करण्यासाठी लावला. पुढे हे यंत्र अमानुष ठरवून त्यावर बंदी आली. मग व्यायामाच्या धंद्यातल्या लोकांनी त्याला मोटर बसवली आणि आज आपण पैसे मोजून तीच शिक्षा भोगतो. पट्टाच आपले पाय मागे नेतो, त्यामुळे खरा व्यायाम होतच नाही. गुडघे मात्र जातात. त्यापेक्षा उघड्यावर चाला."

शेवटचा सल्ला चांगला आहे. मोकळ्या हवेत चालायला मिळत असेल तर जरूर चाला. पण त्याआधीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात गफलत आहे, आणि थोडं खरं मिसळलेलं असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एकेक दावा घेऊ.

"क्यूबिटने छळासाठी शोध लावला"

माणसाने पायांनी चाक फिरवायचं, ही कल्पना क्यूबिटच्या कितीतरी आधीची आहे. रोमन काळातल्या एका थडग्यावरच्या शिल्पात भलीमोठी क्रेन कोरलेली आहे. तिच्या पोकळ चाकात माणसं चालताहेत आणि त्यांच्या चालण्याने दोर गुंडाळला जातोय. मध्ययुगात युरोपातल्या कॅथेड्रलांचे दगड अशाच चाकांनी वर चढवले गेले. ती चाकं फिरवणारे मजूर होते, कैदी नव्हते.

क्यूबिट हा पवनचक्क्या आणि पिठाच्या गिरण्या उभारणाऱ्यांपैकी होता. १८०७ साली त्याने वाऱ्याच्या जोरानुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या पवनचक्कीच्या पात्यांचं पेटंट घेतलं होतं. पुढे त्याने रेल्वे आणि कालव्यांची मोठी कामं केली आणि १८५१ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. तुरुंगात रिकामे बसलेले कैदी पाहून त्यांना कामाची सवय लागावी म्हणून त्याने पायऱ्यांचं चाक सुचवलं. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते बसलं तेव्हा त्यावर धान्य दळलं जात होतं. हेतू छळाचा नव्हता, शिस्तीचा होता. पण हेतू काहीही असला तरी पुढे जे झालं ते भयंकर होतं. क्यूबिटची वकिली करायला मी हे लिहीत नाही.

"हे तेच यंत्र आहे, फक्त मोटर बसवली"

नाव सारखं आहे, यंत्र नाही. मेसेजसोबतचं चित्रच नीट पाहा. आडवा, रुंद दंडगोल आहे आणि त्याच्या सगळ्या घेराला बाहेरून फळ्या जोडलेल्या आहेत. कैदी छातीच्या उंचीवरचा आडवा दांडा धरून एका फळीवर पाय ठेवतो. त्याच्या वजनाने ती फळी खाली जाते, की लगेच वरच्या फळीवर पाय टाकावा लागतो. थांबायची सोय नाही, कारण शेजारच्या सगळ्यांचं वजन चाक फिरवतच असतं. पाय चुकला तर फळी नडगीवर आदळते. पुढच्या काळात ठरलेलं काम असं होतं: दिवसात ६ तास, तीन-तीन तासांच्या दोन पाळ्या, त्यात १५ मिनिटं चढायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. या हिशेबाने दिवसाची चढाई ८,६४० फूट भरायची, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त उभी चढण. त्याआधी प्रत्येक तुरुंगाचा आपापला आकडा असे आणि काही ठिकाणी तो याहूनही मोठा होता.

म्हणजे तिथे माणूस चाकाला फिरवत होता. चाकाची सगळी ताकद माणसाच्या वजनातून यायची आणि ती दळायला किंवा पाणी उपसायला वापरली जायची. आजच्या ट्रेडमिलमध्ये मोटर पट्टा फिरवते आणि माणूस त्यावर जागच्या जागी चालतो. आजच्या जिममध्ये क्यूबिटच्या चाकाशी खरंच मिळतंजुळतं यंत्र शोधायचं असेल तर ते म्हणजे फिरत्या पायऱ्यांचं स्टेअर क्लाइंबर. त्याबद्दल मात्र कुणी मेसेज पाठवत नाही.

"अमानुष म्हणून बंदी आली"

हे अर्धं खरं आहे. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या तुरुंगांतून ही चाकं निघत गेली. १८९५ साली तिथे ३९ चाकं चालू होती, १९०१ पर्यंत १३ उरली. पण आक्षेप नुसत्या श्रमांवर नव्हता. बऱ्याच तुरुंगांत चाकाला काहीच जोडलेलं नसायचं. दळण नाही, पाणी नाही, माणसं तासन्‌तास चढताहेत आणि चाक नुसती हवा घुसळतंय. १८९५ साली तुरुंगांची चौकशी करणाऱ्या ग्लॅडस्टन समितीने अशा निरुपयोगी श्रमांवरच बोट ठेवलं. न्यूयॉर्कच्या तुरुंगात हे चाक पाहिलेल्या जेम्स हार्डी या अधिकाऱ्यानेही १८२४ साली हेच नोंदवलं होतं, की या शिक्षेची खरी दहशत तिच्या कष्टात नाही, तिच्या एकसुरी अखंडपणात आहे.

मला या मेसेजचा राग येतो तो सगळ्यात जास्त इथे. अर्धपोटी, जबरदस्तीने, कशासाठी चढतोय हे माहीत नसताना दिवसचे दिवस त्या फळ्यांवर काढलेली माणसं होती ती. जिमच्या फीशी त्यांची तुलना करून हसण्यावारी नेलं, की त्यांचं दुःख पुसलं जातं. ज्या यंत्राचं लाल बटण आपण केव्हाही दाबू शकतो, ते शिक्षा नसतं.

"व्यायामाच्या धंद्याने शिक्षेचं यंत्र उचललं"

खरा इतिहास इथून सुरू होतो आणि मेसेजमध्ये त्याचा मागमूस नाही.

फिरत्या पट्ट्याची वंशावळ तुरुंगातून नाही, जनावरांच्या तबेल्यातून आली आहे. १९व्या शतकात शेतावर उतरत्या, फिरत्या फळ्यांच्या पट्ट्यावर घोडा चालवून मळणीयंत्र फिरवत असत. १८८९ साली बर्लिनमध्ये नाथान झुंट्झ या शरीरशास्त्रज्ञाने घोड्यांसाठी ट्रेडमिल उभारली, पण त्यांच्याकडून काम करून घ्यायला नाही. धावताना घोडा किती प्राणवायू वापरतो हे मोजायचं होतं. धावणारा घोडा जागेवरून हलत नसेल तरच त्याच्या तोंडाला नळ्या लावून श्वास मोजता येतो. आजची ट्रेडमिल समजून घ्यायची असेल तर ही एक गोष्ट पुरे: शरीर हलतं ठेवायचं आणि जागा स्थिर, म्हणजे उपकरणं लावता येतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नील बर्जेसने फिरत्या पट्ट्यांवर खरे घोडे धावते ठेवून प्रेक्षकांना शर्यत दाखवली.

माणसाच्या व्यायामासाठी पट्ट्याचं 'ट्रेनिंग मशीन' म्हणून क्लॉड हेगन याला अमेरिकेत पेटंट मिळालं ते १९१३ साली. १९२७ पासून हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीत थकवा म्हणजे नेमकं काय याचा अभ्यास ट्रेडमिलवर होऊ लागला.

आणि मग सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा आणि जिवावरचा होता. जिना चढताना छातीत दुखतं म्हणून माणूस येतो, त्याला पलंगावर झोपवून ईसीजी काढला तर तो व्यवस्थित असतो, कारण दुखणं श्रम करताना येतं. तोवर डॉक्टर रुग्णाला दोन पायऱ्यांच्या ठोकळ्यावर ठरावीक वेळा चढ-उतार करायला लावत आणि थांबल्यावर ईसीजी काढत. ब्रूस यांना तो चालता चालताच हवा होता. इंजिनिअर वेन क्विंटन यांच्या साथीने १९५० च्या दशकात त्यांनी मोटरची ट्रेडमिल वापरात आणली आणि १९६३ साली आपल्या तपासणीची टप्प्याटप्प्याची पद्धत मांडली. सुरुवात अगदी संथ: ताशी २.७ किलोमीटर, चढ १० टक्के. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात साधारण ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. छातीला तारा लावलेल्या, दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा, शेजारी डॉक्टर. आजही जगभर 'स्ट्रेस टेस्ट' म्हणून ही पद्धत वापरली जाते आणि बंद पडत चाललेल्या धमन्यांचा इशारा पुष्कळांना पहिल्यांदा याच पट्ट्यावर मिळतो.

तपासणीची तारीख ठरलेल्या माणसाच्या फोनवर 'हे छळाचं यंत्र आहे' असा मेसेज येऊन पडणं किती वाईट, याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्याने जरूर करावा.

घरगुती ट्रेडमिल आली ती त्यानंतर. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉ. केनेथ कूपर यांनी नियमित धावण्याचे फायदे लोकांपर्यंत पोचवले, आणि ते वाचून न्यू जर्सीचे इंजिनिअर विल्यम स्टॉब यांनी घरात मावेल आणि परवडेल असं मॉडेल तयार केलं. थंडीपावसातही लोकांना धावता यावं एवढाच त्यांचा उद्देश होता. स्टॉब ९६ वर्षांचे होऊन २०१२ साली गेले. या साखळीत तुरुंगाधिकारी एकही नाही.

"पट्टाच पाय मागे नेतो, त्यामुळे व्यायाम होत नाही"

एकसारख्या वेगाने चाललेल्या ट्रेनच्या डब्यात इकडून तिकडे चालायला प्लॅटफॉर्मवर चालण्याएवढेच कष्ट पडतात. पट्ट्याचंही तेच. पट्ट्याचा वेग स्थिर असेल तर शरीराच्या दृष्टीने जमीन सरकतेय की आपण, याने फरक पडत नाही. प्रत्येक पावलाला शरीर उचलायचं आणि तोलायचं असतंच. ते केलं नाही तर माणूस मागे पडतो.

खरा फरक आहे तो हवेचा. बाहेर धावताना हवा कापावी लागते, जागच्या जागी ती लागत नाही. हा फरक चालण्यात नगण्य आणि वेगाने धावताना जाणवण्याजोगा असतो. १९९६ साली जोन्स आणि डाउस्ट यांनी तो मोजला. वेगात धावणाऱ्यांना ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला की बाहेरच्या सपाट रस्त्याइतकीच ऊर्जा लागते, असं त्यांना दिसलं. म्हणजे सगळा वाद एका टक्क्याचा.

सुनीता विल्यम्स यांनी २००७ साली अंतराळ स्थानकात ट्रेडमिलवर अख्खी बॉस्टन मॅरेथॉन धावून दाखवली, खांद्या-कमरेला पट्टे बांधून, कारण वजनच नसेल तर पाय पट्ट्यावर टेकत नाही. अंतराळवीरांना रोज व्यायाम करावा लागतो तो हाडं आणि स्नायू झिजू नयेत म्हणून, आणि त्यात ट्रेडमिल आहे. व्यायाम होतच नसता तर ती तिथे नेलीच नसती.

"गुडघे जातात"

ट्रेडमिलवर पाऊल जरा सपाट टेकतं, असे बारीक फरक अभ्यासांत दिसतात. एकंदर हालचाल मात्र रस्त्यावरच्या धावण्यासारखीच असते. धावण्यानेच गुडघे झिजतात हा समजही टिकत नाही. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के होतं आणि बैठं आयुष्य जगणाऱ्यांत सुमारे १० टक्के. ज्यांचे सांधे आधीच दुखतात ते धावतच नाहीत, हेही त्यात धरायला हवं, म्हणून धावल्याने गुडघे बरे होतात असं मी म्हणणार नाही. दुखापत होते ती बहुतेकदा वेग किंवा अंतर एकदम वाढवल्याने, मग ते पट्ट्यावर असो की रस्त्यावर.

ट्रेडमिलबद्दल सावध करायचंच असेल तर खऱ्या धोक्यांबद्दल करा. चालू पट्ट्याच्या मागच्या टोकाशी लहान मुलांची बोटं अडकतात आणि कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. घरात मूल असेल तर वापर झाल्यावर प्लग काढून ठेवा. मशीनवर चढताना पट्टा बंद असू द्या. दांड्यांवर भार टाकून चालू नका. तसं केलं की स्क्रीनवरचे कॅलरीचे आकडे फुगतात आणि स्ट्रेस टेस्टमध्ये ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आणि दोरीला लावलेली ती छोटी क्लिप, जी बहुतेक जण तशीच लोंबकळत सोडतात, ती कपड्याला अडकवा. तोल गेला की तीच पट्टा थांबवते.