रंगीत फुलांचा सेट दिसला की लगेच "हा डच नाही" म्हणू नका

जुन्या क्रॉकरीवाल्या ग्रुप्समध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: खरं डच पोर्सेलीन म्हणजे फक्त निळं-पांढरं डेल्फ्ट (हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावची भांडी), रंगीत फुलांचा डिनर सेट असेल तर तो जर्मन नाहीतर फ्रेंच, तळाला दोन तलवारी म्हणजे जर्मनीतल्या माइसेन कारखान्याचाच माल, सेटमधली फुलं एकसारखी नसतील तर तो वेगवेगळ्या सेटमधून जुळवलेला माल, आणि "डेल्फ्ट" किंवा "हॉलंड" लिहिलेलं असेल तर वस्तू तीनशे वर्षं जुनी. लोक हे वाचून घरातल्या चांगल्या वस्तू कवडीमोलाने विकतायत आणि कालपरवाच्या वस्तूंना भरमसाठ पैसे देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे डेल्फ्ट हे पोर्सेलीनच नाही. ती साधी मातीची भांडी, वर कथिलाचं पांढरं ग्लेझ (चकचकीत लेप) देऊन त्यावर रंगवलेली. सतराव्या शतकात चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिकडचा माल येणं आटलं आणि डेल्फ्टच्या कारागिरांनी त्या मालासारखं दिसणारं काहीतरी देऊन बाजार पकडला. काम अप्रतिम आहे, त्यात वादच नाही, पण प्लेटच्या कडेचा टवका उडालेला असेल ना तिथे नीट बघा, आत पिवळसर-मातकट रंग दिसतो आणि पांढरा थर फक्त वरवर असतो. पोर्सेलीनचा टवका आतपर्यंत पांढरा, काचेसारखा चकचकीत असतो, कारण त्यात केओलिन ही पांढरी माती लागते आणि भट्टी १३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर न्यावी लागते. आणि डेल्फ्टसुद्धा नुसतं निळं नसायचं, लाल, हिरवा, पिवळा, अगदी सोनं लावलेलं डेल्फ्टही भरपूर आहे. म्हणजे मेसेजचं पहिलंच वाक्य दोन्हीकडून चुकलंय.

मग डचांनी खरं पोर्सेलीन बनवलं का? बनवलं, आणि फार सुंदर बनवलं. अ‍ॅमस्टरडामजवळ वेस्प नावाचं गाव आहे, तिथे १७५९ मध्ये एका काउंटने कारखाना काढला. तो दिवाळखोरीत गेल्यावर योहानेस द मोल नावाच्या एका पाद्र्याने तिथलं सामान विकत घेतलं आणि १७७४ मध्ये लोसड्रेख्तला नवीन कारखाना सुरू केला, हेतू हा की आपल्या गावातल्या गरिबांच्या हाताला काम मिळावं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. देशात केओलिन नाही, ते बाहेरून आणायचं, आणि समोर स्पर्धेला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येणारा स्वस्त चिनी माल. १७५२ मध्ये बुडालेल्या खेल्डरमाल्सन या एकाच डच जहाजातून १९८५ मध्ये सुमारे दीड लाख नग वर काढले, त्यावरून काय प्रमाणात माल येत होता बघा. अशा बाजारात द मोलचा निभाव लागणं अवघडच होतं, १७८२ मध्ये तो कर्जात वारला. त्यानंतर कारखाना १७८४ मध्ये औडर-आम्स्टलला गेला, पुढे निउवर-आम्स्टलला, आणि १८१४ ला सगळं संपलं. उणीपुरी पंचावन्न वर्षं! म्हणून हा माल कमी दिसतो, पण कमी दिसतो म्हणजे नव्हताच असं कसं म्हणता येईल? आजही लोसड्रेख्तच्या सिपेस्टाइन किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आणि अ‍ॅमस्टरडामच्या राइक्सम्युझियममध्ये हे समोर ठेवलेलं आहे, फुलं, पक्षी, निसर्गचित्रं, सगळं रंगीत.

तलवारींचं सांगतो. वेस्पची खूणसुद्धा निळ्या एकमेकींवर आडव्या तलवारी हीच होती, सोबत तीन ठिपके. त्यामुळे तलवारी दिसल्या की आधी ठिपके शोधा. लोसड्रेख्तच्या मालावर "एम.ओ.एल." अशी रोमन अक्षरं असतात. हेग शहरातही पोर्सेलीनचा कारखाना होता, तिथल्या मालावर चोचीत मासा धरलेला करकोचा असतो आणि इथे मेसेजवाल्यांचं थोडं बरोबर आहे हे मान्य करायला हवं, कारण हेगमध्ये (१७७६ ते १७९०) बराचसा कोरा पांढरा माल जर्मनीतल्या आन्सबाख आणि आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने इथून आणून तिथे रंगवला जायचा. म्हणजे माती बाहेरची, हात डच. आणखी एक प्रकार आहे जो कोणी सांगतच नाही: चीनहून आलेल्या निळ्या प्लेटांवर हॉलंडमध्ये लाल, हिरवा, सोनेरी रंग चढवून विकायचे, त्याला अ‍ॅमस्टरडाम्स बोन्त म्हणतात. ओळखायला सोपं, खालची निळी वेल एकीकडे चाललेली असते आणि वरचं लाल फूल तिच्यावरून बिनधास्त भलतीकडे.

"फुलं एकसारखी नाहीत म्हणजे जुळवलेला सेट" हा तर सगळ्यात घातक मुद्दा. अहो, ही फुलं हाताने काढलेली आहेत! रंग ग्लेझच्या वर लावून पुन्हा कमी आचेवर भाजायचे, म्हणून प्लेटवरून हळूच बोट फिरवलं तर पाकळीचा उंचवटा लागतो. एका प्लेटवर ट्युलिप डावीकडे कललेला, दुसरीवर गुलाब जरा मोठा, सूपच्या झाकणवाल्या भांड्यावर मोठा गुच्छ आणि सॉसच्या भांड्यावर दोनच कळ्या, हे असंच असायचं. कडेला विखुरलेली बारकी फुलं नीट बघा, एखादं फूल उगाच आडबाजूला बसलेलं दिसतं, त्याच्याखाली बऱ्याचदा ग्लेझमधला काळा डाग नाहीतर टाचणीएवढं छिद्र झाकलेलं असतं. युरोपभरच्या कारखान्यांत ही युक्ती चालायची. उलट चोवीसच्या चोवीस प्लेटांवर तेच फूल, त्याच जागी, तोच कोन, असं असेल आणि भिंगातून बारीक ठिपके दिसत असतील, तर ती छापील चिकटचित्रं आहेत.

"हॉलंड" शब्दाचा मुद्दा एका ओळीत संपतो. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं, त्यामुळे इंग्रजीत तसं लिहिलेलं भांडं बहुतेक त्यानंतरचंच असतं.

शेवटचं आपल्याकडचं. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, म्हणून कोकणातल्या जुन्या घरात एखादी फुलांची प्लेट सापडली की "ही वखारीच्या काळातली डच पोर्सेलीनची" असं ठोकून देतात. वखारीचा काळ सतराव्या शतकातला, डच पोर्सेलीन सुरू झालं १७५९ ला. त्या काळात डचांच्या जहाजांतून जे पोर्सेलीन फिरत होतं ते चिनी आणि जपानी. तेव्हा प्लेट खरंच तेवढी जुनी असेल तर ती डच पोर्सेलीनची असूच शकत नाही, आणि खरंच डच पोर्सेलीन असेल तर ती वखारीच्या काळातली नाही. कुठली ते ठरवायला आधी उलटी करा, खूण बघा, मग कडेचा टवका.