धार्मिक वादाची सुधारित लागवड

धर्मावरून ऑनलाइन भांडण लावणं सोपं, असा शहरातल्या मंडळींचा समज आहे. शहरात ते सोपं असेलही. तिथं समोरचा कोण, कुठला, कोणाच्या घरी जेवतो, कशाचाच पत्ता नसतो. दारव्हा, मेहकर किंवा चामोर्शीकडच्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात मात्र अडचण अशी, की रात्री ज्याला शिवी हासडायची तोच सकाळी पानठेल्यावर ‘काय म्हनता भाऊ’ करत उभा असतो, आणि तुमचा फवारणीचा पंप पंधरा दिवसांपासून त्याच्याच घरी पडलेला असतो. इतक्या ओळखीत वैर रुजत नाही. तेव्हा मेहनतीची तयारी ठेवा. आळशी माणसाचं हे काम नाही.

ग्रुप नवा काढू नका. गावाचा एक असतोच. लाइन रात्रीची की दिवसाची, नळ कधी येणार, रेशन आलं का, कोणाची ढोरं वावरात शिरली, एवढ्यासाठी कोणीतरी तो काढलेला असतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात १,०२४ माणसं बसतात. घरटी एक फोन धरला तरी जागा उरते. त्या जागेत पुण्याला आणि नागपूरला गेलेली पोरं आवर्जून भरा. त्यांना सकाळी पानठेल्यावर यायचं नसतं, कोणाची बैलजोडी मागायची नसते. सगळ्यांत तिखट माल त्यांच्याकडूनच येतो.

बियाणं नेहमी बाहेरचं वापरा. गावातला विषय कधीच घेऊ नका. दोनशे पावलं चालून गेलं की खरंखोटं कळेल असा आरोप हे या धंद्यातलं सर्वांत भाकड बियाणं. ‘देवळामागच्या जागेवर त्यायनं कब्जा केला’ असं टाकलंत, तर कोणीतरी रिकामटेकडा लुना काढून जाईल, फोटो पाठवेल, आणि तिथं फक्त कुडाच्या भिंतीला टेकवलेलं वखर निघेल. त्यापेक्षा गावाचं नाव नाही, तारीख नाही, भाषा नीट ऐकू येत नाही असा व्हिडिओ घ्या. कोणी विचारलंच की ‘भाऊ, हे कुठलं हाये?’ तर उत्तर एकच: ‘कुठलं का असेना, खरं हाये ना!’

एक तांत्रिक अडचण येते. पाच किंवा जास्त हात फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण उमटते, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतासाठी पाच चॅटची मर्यादा आली होती. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच माणसं मारली. डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. अफवा फोनवरूनच फिरलेली होती. असे तपशील ग्रुपवर निघू लागले तर लगेच एक फुलाचा फोटो टाका. खूण झाकायची असेल तर काही हुशार लोक मजकूर कॉपी करून स्वतःच्या नावानं टाकतात. वाचणाऱ्याला वाटतं, भाऊनं स्वतः लिहिलं. त्यात खोट एवढीच, की मग तो पोलिसांच्या लेखीही भाऊनंच लिहिलेला ठरतो.

हंगामाचं पाहा. दसऱ्याचा आठवडा उत्तम, कारण त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडे गाड्या निघालेल्या असतात, इकडे सोनं वाटणं चाललेलं असतं, एका मेसेजमध्ये दोन्ही बाजू सापडतात. १९५६ साली नेमकं काय झालं आणि २२ प्रतिज्ञा कशासाठी, हे दोन्हीकडच्या कोणीही शांतपणे वाचलेलं नसेल तर पीक दुप्पट. श्रावणात मटणाचं दुकान आहेच. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते, त्यामुळं काही वर्षांनी ती कोणत्या ना कोणत्या सणावर येऊन बसतेच. कॅलेंडर आधी पाहून ठेवा. पण जपून. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले. एवढी आयती संधी, आणि राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं परस्पर ठरवून टाकलं. सरकारनंही २९ ची सुट्टी दिली. विसर्जन झालं, जुलूस झाला, सगळे घरी गेले. हातातोंडाशी आलेलं पीक असंच जातं.

आता खरी कारागिरी. नावं काढून टाका. टाकीजवळच्या चाचांशी भांडता येत नाही, कारण त्यांनी तुमची विहिरीवरची मोटर ऐन ओलिताच्या वेळी रात्री येऊन चालू करून दिलेली असते. विहाराकडच्या गुरुजींशी भांडता येत नाही, तुमचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत. हरिपाठवाल्या काकाजींशीही नाही, तुमच्या आजारी बापाला त्यांच्याच गाडीत यवतमाळला नेलं होतं. पण नुसतं ‘तुमच्या लोकायले’ असं लिहिलं, की चाचा गेले, मोटर गेली, पाढे गेले, गाडी गेली. उरतो एक समाज, आणि समाजाला पंप परत करावा लागत नाही. या एका अनेकवचनावर अख्खी लागवड उभी आहे. समोरचा ‘मी असं कधी म्हटलं?’ विचारेल. त्याला सांगा, ‘तू नाही, पण तुमचे लोक म्हणतात.’ तो ज्यांना कधी भेटलेला नाही अशा कोट्यवधींचा जबाब त्याला रात्री साडेअकराला द्यायला लावा. रात्रीच लावा, दिवसा माणूस वावरात असतो, तिथं फोन खिशात आणि हात चिखलात.

ज्या प्रश्नाला उत्तर आहे तो टाळा. भोंग्याचं घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, सणासाठी सरकार वर्षातले फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्यात देऊळ, मशीद, विहार असे वेगळे रकाने नाहीत. हे कोणी ग्रुपवर टाकलं तर दोन्हीकडचे भोंगे आणि तिसरीकडचा डीजे एकाच ओळीत उभे राहतात आणि भांडण तिथंच मरतं. लगेच चारशे वर्षं मागं जा. तिथं डेसिबल मोजता येत नाही.

तण उपटत राहा. विदर्भाची माती या बाबतीत फार वाईट आहे, नको ते आपोआप उगवतं. गिरडला, वर्धा जिल्ह्यात, शेख फरीद बाबांच्या टेकडीवर दोन्हीकडचे लोक जातात. सैलानीला, बुलढाणा जिल्ह्यात, बाबांच्या दर्ग्याच्या यात्रेत नारळांची होळी पेटते. दर्ग्यावर होळी, आता यात भांडणाऱ्यानं कोणाची बाजू घ्यायची? नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना तर राजे रघुजी भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतलं होतं. अशी पोस्ट दिसली की ‘ते वेगळं होतं’ एवढंच लिहा. काय वेगळं होतं, हे लिहायला बसू नका.

गाडगेबाबा हे तर सर्वांत चिवट तण. त्यांनी नवस, कोंबडं-बकरं, देवाच्या नावावरचं कर्ज यांवर तुमच्या-आमच्यापेक्षा कडक शब्दांत कोरडे ओढले, तेही भरगर्दीत, ज्यांचे नवस होते त्यांच्याच तोंडावर. लोक उठून गेले नाहीत. बाबा प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. शिवाय कीर्तनाआधी त्यांनी ते गाव स्वतः झाडलेलं असे. मतभेद सांगण्याची ही पद्धत आपल्याला परवडणारी नाही. एक तर समोर उभं राहावं लागतं, दुसरं म्हणजे खराटा लागतो.

गप्प बसणाऱ्यांकडे दुर्लक्ष नको. ग्रुपात भांडणारे आठ-दहाच असतात; बाकीचे वाचतात आणि फोन उपडा ठेवतात. त्यांच्यातल्या एखाद्यानं ‘जाऊ द्या ना बाप्पा, उद्या फवारनी हाये’ म्हटलं, की त्यालाच धरा: ‘तू कोनाकून हायेस?’ दोनदा असं झालं की तो ग्रुप म्यूट करतो. मग नळाची वेळही त्याला कळत नाही, पण तो आपला प्रश्न नाही.

थोडं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावल्या तर कलम २९९, समाजासमाजांत वैर वाढवलं तर कलम १९६. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि दोन्ही अजामीनपात्र. ॲडमिनला पुढं करून सुटू म्हणाल, तर तेही जमत नाही: सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, सामायिक हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवस चालतं. स्क्रीनशॉटला दोन सेकंद लागतात. तारखेला तालुक्याच्या कोर्टात फिर्यादी आणि आरोपी, दोघांनाही सकाळची एकच एसटी असते. शेजारची सीट रिकामी असेल तर उभ्यानं जा, तत्त्वाचा प्रश्न आहे.

शेवटी काढणी. दसऱ्याला पेरलेलं भांडण दिवाळीआधी पक्व होतं, आणि नेमकं त्याच वेळी सोयाबीन कापून सुडी लागलेली असते. गावात थ्रेशर बहुधा एक किंवा दोन, आणि ‘तुमच्या लोकायले’ ज्यांना लिहिलं त्यातल्याच कोणाचं तरी एक निघतं. तो नाही म्हणणार नाही, फक्त नंबर मागं लावेल. तोवर ढग आलेच तर ताडपत्री टाका, चारी बाजूंनी दगड ठेवा आणि खालून ओल लागू देऊ नका. दाण्यात नियमानं १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की हमीभावाच्या केंद्रावर माल परत करतात. थांबायचं नसेल तर शेजारच्या गावचं मशीन बोलवा. डिझेल आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं पडेल, ते आधी ठरवून घ्या. आणि त्या गावच्या ग्रुपवर तुमचा भाचा काय काय टाकून बसलाय, तेही फोन लावण्याआधी एकदा पाहून घ्या.