घंटी वाजवू की नको?

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. सपाटीवर, असंही म्हणाले असावेत. तेवढं माझ्या कानावरून गेलं. रविवारी पहाटे मी सायकल काढली ती थेट वेताळ टेकडीकडे. पुण्यातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शेवटच्या चढावर मी सायकलवर नव्हतो, सायकल माझ्या खांद्यावर होती.

वर पायवाटेवर चार काका, एका ओळीत. विषय पेन्शन. मी घंटी वाजवली. टेकडीवर घंटी वाजली की डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे, आणि मधोमध उरतो कुणाचा तरी कुत्रा.

"घंटी वाजवली म्हणजे वाट तुमच्या नावावर झाली का?"

म्हणून पुढच्या घोळक्यामागे मुकाट्याने गेलो. "अहो, घंटी वाजवायला पैसे पडतात का?"

तिसऱ्या घोळक्याला पाहून खालीच उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. "ढकलायचीच होती, तर आणलीत कशाला?"

(कानात इअरफोन घातलेल्यांशी मात्र भांडण होत नाही. त्यांच्यामागे मोरांचं ओरडणं ऐकत चालत राहायचं.)

उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबायचं आणि चाकवाल्याने पायवाल्यासाठी, हा नियम मला पाठ होता. ओल्या मुरुमाला नव्हता. उतारावर समोरून एक आजी आल्या, मी ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक फरफटलं आणि सायकल त्यांच्या काठीपासून हातभर अंतरावर आडवी झाली. आजी माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"ही चरी बघ काढलीस. आता पावसाचं पाणी हिच्यातूनच धावणार. आज बोटभर आहे, गणपतीपर्यंत वीतभर होईल."

"पण आजी, चालणारेसुद्धा चिखल चुकवायला गवतात पाय घालतात. वाट रुंद होते त्याने."

"घालतात मेले. त्यांनाही सांगते. तू आधी दगड उचल. असे नाही, आडवे लाव. पाणी अडलं पाहिजे."

मी गुडघ्यांवर बसून दगड लावू लागलो. डॉक्टरांनी मांडी घालायलासुद्धा बंदी केली होती. एव्हाना ते चारही काका येऊन पोचले आणि देखरेखीसाठी वाट अडवून उभे राहिले. "तो डावीकडचा हलतोय," एकाने सांगितलं. पेन्शन मागे पडली होती.

तेवढ्यात वरून घंटी वाजली. एक पोरगा सुसाट खाली येत होता.

"ए, उतर खाली!" सगळ्यांत आधी मी ओरडलो. "वाट काय तुझ्या नावावर आहे?"