चालत्या गाडीला भोक

धडधाकट गाडीच्या बॉनेटला स्वतःच्या हाताने भोकं पाडायची, याला आमच्या घरात ‘खाजवून खरूज काढणं’ म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की चढावर एसी लावला की इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकतो आणि माझा जीव खाली. रेडिएटरमधून आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला धड वाट नाही. ती तापून तिथेच घुटमळते. बॉनेटला जाळ्या बसवल्या की प्रश्न मिटला. जाळ्या तयार मिळतात, भोक मात्र ज्याचं त्याने पाडायचं असतं.

पण कुठे? ज्याला त्याला जाळी काचेच्या पायथ्याशी हवी असते, तिथे ती झोकदार दिसते म्हणून. पण वारा काचेवर आपटून नेमका तिथेच दाटतो. तिथे जाळी लावली तर आतली हवा निघायची राहील आणि बाहेरची आत घुसेल. कमी दाबाची जागा पुढे, रेडिएटरच्या जरा मागे, जिथे हवा नाकाडावरून वळून बॉनेटवर चढते. हे मी कागदावर काढून समजावलं. बायको म्हणाली, “मग मोजून बघ की.”

झालं! पारदर्शक नळी ‘यू’ आकारात पुठ्ठ्याला बांधली, रंगीत पाणी भरलं. एक टोक बॉनेटवर चिकटवलं, दुसरं इंजिनपाशी सोडलं. ताशी 80 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा सगळा जोर एकवटला तरी नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात जेमतेम 30 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आम्हाला त्यातलाही तुकडा वाचायचा होता. पुठ्ठा बायकोच्या मांडीवर, रस्ता खड्ड्यांचा.

“किती?”

“खड्ड्याच्या आधी की नंतर?”

“स्थिर झाल्यावर सांग.”

“स्थिर झालंय. माझ्या कपड्यांवर.”

तरी जागा ठरली. बिजागऱ्यांभोवती मार्करने खुणा करून, काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळी सोडवून दोघांनी बॉनेट उतरवलं. पालथं केल्यावर कळतं की खालून पट्ट्यांचा सांगाडा असतो. त्या पट्ट्या कापायच्या नाहीत, म्हणजे हवेने सांगितलेली जागा आणि पट्ट्यांनी सोडलेली जागा यांचं आधी जुळवायचं. वरून मास्किंग टेप, त्यावर मधली रेघ, रेघेच्या दोन्हीकडे पुठ्ठ्याचा साचा. एवढ्यात शेजारचे काका आले.

“डावीकडचं वर गेलंय रे.”

मोजलं. दोन्हीकडचं सारखंच होतं. पण एकदा कुणी असं म्हटलं की ते वर गेलेलंच दिसतं. त्यात बॉनेटला बाक, त्यामुळे मोजायची टेप प्रत्येकाला वेगळं माप देते. काकांना त्यांचं, मला माझं.

“ग्राइंडर आण, दोन मिनिटांचं काम.”

ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि पुढे तिथे गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून कोपऱ्यांना ड्रिलने भोकं आणि त्यातून बारीक दातांचा जिगसॉ. पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही, पण ड्रिलचं टोक रंगावर टेकवून खटका दाबायला हात धजावेना. काका म्हणाले, “मी दाबू?” त्या भीतीने दाबला.

त्यानंतर सगळं सोपं. तुकडा टण्‌कन खाली पडला. कापल्या कडेला वरून रंग, मग राखाडी प्रायमर, मग चकचकीत उघडा पत्रा, असे बारीक थर दिसत होते. कानस फिरवून धार मोडली आणि कडांना दोनदा प्रायमर लावला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. जाळीच्या फटी मागे तोंड करून ठेवल्या, रिव्हेट मारले. पावसाचं पाणी वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर पडू नये म्हणून खाली पत्र्याची पन्हळ लावली. गाडीपेक्षा तीच मला देखणी वाटते.

पहिल्या फेरीला काका पुढच्या सीटवर, डोळे काट्यावर.

“मधेच आहे की! आधीही मधेच असायचा.”

“सपाट रस्त्यावर थर्मोस्टॅट तो मधेच ठेवतो, काका. फरक चढावर कळतो, एसी लावल्यावर.”

काकांनी क्षणभर विचार केला. “मग चढावर एसी बंद करायचा ना!”